पोळीवर भेंडीचा शिक्का आणि ताटात राजवाडा

माझा मुलगा पाच वर्षांचा. गेल्या वर्षीपर्यंत त्याच्यासाठी भाजी म्हणजे फक्त बटाटा, बाकी सगळं ताटाच्या कडेला सरकवून ठेवायचा. मग एका रविवारी मी व्हिडिओ बघून तासभर बसून काकडीचा मोर केला, गाजराची पिसं, मिऱ्याचा डोळा, इतका छान झाला की सासूबाईंनी शेजारच्यांना बोलावून दाखवला, पण पोरगं तो मोडायलाच तयार नाही! "आई, मोर मरेल ना," म्हणाला आणि शेव-पोळी खाऊन उठला. तेव्हापासून ठरवलंय की चित्र मी करायचं नाही, त्याने करायचं, मी फक्त चिरून द्यायचं. वेडंवाकडं होतं, पण ते त्याचं असतं आणि ते तो खातो.

सुरुवात बाजारातूनच करा. आम्ही इंदूरच्या मालवा मिल बाजारात भाजी घ्यायला जातो तेव्हा वीस रुपये त्याच्या हातात देते, त्यात हवी ती एक भाजी तो निवडतो आणि भावही तोच विचारतो. एकदा त्याने घोसाळं घेतलं, इथे इंदूरला सगळे गिलकीच म्हणतात, का तर म्हणे हत्तीची सोंड आहे. स्वतः निवडलेली भाजी पिशवीत धरून घरी आणली की तिच्याशी ओळख झालेली असते, मग ताटात ती परकी वाटत नाही.

सगळ्यात सोपा खेळ भेंडीच्या शिक्क्याचा. भेंडी धुऊन एकदम कोरडी पुसा, देठापासून दोन बोटं सोडून आडवी कापा, आत पाच पाकळ्यांचं फूल दिसेल. बीट किसून फडक्यातून पिळा, चमचा-दोन चमचे रस पुरतो, आणि तो वाटीत नाही तर चपट्या बशीत घ्या कारण भेंडी बुडली की फुलाच्या जागी नुसता डाग उमटतो. टोक रसात टेकवायचं, बशीच्या काठाला एकदा निथळायचं, पोळीवर दाबायचं आणि सरळ वर उचलायचं, सरकवायचं नाही. पहिले दोन-तीन फिसकटतात, फिसकटू द्या. मग राहिलेली भेंडी कुरकुरीत परतून त्याच फुलांच्या पोळीत गुंडाळून द्यायची. आणि हो, बीट खाल्लं की दुसऱ्या दिवशी कधीकधी शू-शी लालसर होते, घाबरू नका, बिटाचाच रंग असतो.

जादू दाखवायची असेल तर जांभळा कोबी आणा. बारीक चिरून ताटात ठेवा आणि मुलाच्या हातात लिंबाची फोड द्या, पिळलं की जांभळ्याचा गुलाबी होतो कारण त्याचा रंग आंबटाने बदलतो. हे बघायला आमच्याकडे शेजारची दोन मुलंपण येतात आणि बघता बघता कोशिंबीर संपते.

आमच्या घरचा लाडका खेळ मात्र राजवाडा. खरा राजवाडा, म्हणजे इंदूरचा होळकरांचा जुना वाडा, सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, म्हणून खाली तीन थर ढोकळ्याचे किंवा पनीरचे आणि वर चार थर वाफवलेल्या गाजराच्या चकत्यांचे. मधे मधे हिरवी चटणी लावायची म्हणजे मजले घसरत नाहीत. काकडी घालायची असेल तर आधी पुसून घ्या, पाणी सुटलं की सगळं कोसळतं. दरवाजा ढोबळी मिरचीचा, आणि गेल्या खेपेला त्याने समोर मटाराची गर्दी उभी केली, विचारलं तर म्हणाला रंगपंचमीची गेर आहे, म्हणजे इथली रंग उधळत जाणारी मिरवणूक. ती सगळी गर्दी त्याने एकेक करून खाल्ली!

रोज एवढा वेळ नसतोच. मग सकाळच्या पोह्यांत मटार-गाजर घालून वर शेवेचे केस, टोमॅटोचं तोंड, जीरावण, म्हणजे पोह्यांवरचा इंदुरी मसाला, तो स्वतः भुरभुरतो. थालीपिठाला आपण भोकं पाडतोच, ती मुलाला पाडू द्या, दोन डोळे आणि एक हसू, पिठात किसलेला दुधी असतो. पण दुधी आहे हे लपवू नका, किसताना त्यालाच जवळ बसवा. फसवून खायला घातलं आणि कळलं तर पुढचं थालीपीठ पण संशयाने बघतात.

लहान मुलांचं जरा सांभाळा. पाच वर्षांखालच्यांना कच्च्या गाजराच्या गोल चकत्या देऊ नका, घशात अडकतात, वाफवून मऊ करून द्या, द्राक्षं आणि छोटे टोमॅटो उभे चिरून द्या, टूथपिक तर अजिबात नको. सुरी आपल्याच हातात. सालं-देठं ओल्या कचऱ्यात टाकायचं काम मात्र त्यांचं, इंदूरच्या मुलांना ते शिकवावं लागत नाही.

आणि पहिल्यांदा खाल्लं नाही तर मागे लागू नका, "एक घास, फक्त एक" हे तर नकोच. नवी भाजी आठ-दहा वेळा समोर यावी लागते, कधी त्याहून जास्त. आमच्याकडे गिलकी पाच वेळा नुसती हत्ती होऊन ताटात बसली, सहाव्या वेळी त्याने सोंडेचं टोक चावून बघितलं. कारल्याची मगर अजून तशीच परत जाते, पुढच्या आठवड्यात पुन्हा करू.