शीट फिल्मच्या या चुका टाळा: बिघडलेली निगेटिव्ह काय सांगते

४×५ इंचांच्या शीट फिल्मचा मोठा कॅमेरा पहिल्यांदा हाताळणारे बहुतेक जण लेन्सविषयी भरपूर वाचून आलेले असतात आणि फसतात मात्र कामाच्या क्रमात. या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवणारी यंत्रणा नसते, शटर उघडे राहिल्याचा इशारा मिळत नाही आणि एकाच शीटवर दुसरे छायाचित्र घेण्यापासून रोखणारा अडसरही नसतो. छोटा कॅमेरा जी कामे परस्पर उरकतो ती सगळी येथे आपल्या हाताने, ठरावीक क्रमाने करावी लागतात. कोणती पायरी चुकली हे निगेटिव्ह बहुधा स्पष्ट सांगते, म्हणून बिघडलेली शीट फेकण्याआधी खिडकीच्या उजेडात नीट पाहावी. नागपुरात ऊन आणि धूळ आपल्या वतीने आणखी काही दोष जोडतात. त्यांच्याबद्दल थंड देशांतल्या पुस्तिकांमध्ये फारसे काही सापडत नाही, त्यामुळे त्या भागावर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे.

कोरी शीट, काळी शीट

शीट पूर्ण पारदर्शक निघाली तर तिच्यापर्यंत प्रकाश पोहोचला नाही, किंवा चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी ती चित्र पक्के करणाऱ्या फिक्सरमध्ये गेली. त्याच वेळी धुतलेली दुसरी शीट व्यवस्थित असेल तर रसायनांवर संशय घेण्याचे कारण नाही. होल्डरची (शीट धरणाऱ्या सपाट चौकटीची) डार्क स्लाइड, म्हणजे प्रकाश अडवणारी सरकती पट्टी, काढायची राहिली किंवा शटर कॉक न करताच (त्याची स्प्रिंग न ताणताच) केबल दाबली गेली, असे समजावे.

शीट पूर्ण काळी असेल तर तिच्या लांब कडा पाहाव्यात. होल्डरमध्ये या दोन कडा बारीक पट्ट्यांखाली दडलेल्या असतात, त्यामुळे लेन्समधून आलेला प्रकाश तेथे पोहोचत नाही. कडांवर पारदर्शक रेघ शिल्लक असेल तर फिल्म होल्डरमध्ये असतानाच जळली, म्हणजे फोकस करण्यासाठी उघडलेले शटर बंद न करता डार्क स्लाइड ओढली गेली. काळेपणा थेट कडेपर्यंत गेला असेल तर दोष चेंजिंग बॅगचा (फिल्म भरण्याच्या अंधाऱ्या पिशवीचा), खोलीचा किंवा नीट बंद न झालेल्या फिल्मच्या डब्याचा आहे. एका कोपऱ्यातून आत शिरणारा काळा फराटा दिसला तर होल्डर कॅमेऱ्याच्या पाठीत पूर्ण बसला नव्हता किंवा स्लाइड तिरकी ओढली गेली. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हा दोष हमखास दिसतो; स्लाइड काढताना आणि परत घालताना होल्डरवर काळे कापड टाकण्याची सवय लावली की तो जवळजवळ नाहीसा होतो. फराटा प्रत्येक शीटवर त्याच जागी येत असेल तर मात्र बेलोज, म्हणजे कॅमेऱ्याचा भाता, तपासावा. रात्री अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावून बाहेरून पाहिले की घड्यांच्या कोपऱ्यांतली टाचणीएवढी छिद्रेही चमकतात.

एकावर एक दोन चित्रे आली तर डार्क स्लाइडच्या मुठीकडे दुर्लक्ष झाले आहे. तिची पांढरी बाजू बाहेर असेल तर फिल्म कोरी आणि काळी बाजू बाहेर असेल तर वापरलेली, हा जगभर पाळला जाणारा संकेत आहे. स्वतःचा वेगळा संकेत शोधण्याच्या भानगडीत पडू नये.

माझ्या मते पहिले दोन आठवडे फिल्म न घालता रिकाम्या होल्डरने एकच क्रम म्हणत राहावे: फोकस, शटर बंद, लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) आणि शटरचा वेग, शटर कॉक करून एकदा रिकामे चालवून पाहणे, पुन्हा कॉक करणे, होल्डर, स्लाइड बाहेर, चित्र, स्लाइड काळ्या बाजूने आत. घरच्यांना हे थोडे विचित्र वाटते, हे मान्य आहे.

होल्डर भरताना

चित्र फिकट, धूसर आणि उजवे-डावे उलटलेले आले तर फिल्म उलटी भरली गेली होती; प्रकाश मागच्या थरातून गाळून इमल्शनपर्यंत, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील थरापर्यंत, गेला. अंधारात बाजू ओळखण्यासाठी फिल्मच्या एका कोपऱ्यात खाचा असतात. शीट उभी धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन आपल्याकडे तोंड करून असते. एक शीट सरावासाठी गमवावी, ती आधी उजेडात, मग डोळे मिटून आणि शेवटी बॅगेत भरून पाहावी. शीट दोन्ही पट्ट्यांखाली गेली आहे याची खात्री बोटाने करावी. एका बाजूने ती वर राहिली तर डार्क स्लाइड अडते किंवा फिल्म फुगून चित्राचा एक भाग फोकसबाहेर जातो.

सरावासाठी महागडी फिल्म जाळण्याऐवजी हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असलेली एक्स-रे फिल्म चांगली. ती लाल दिव्यात हाताळता येते, त्यामुळे चित्र उमटताना प्रत्यक्ष दिसते. ८×१० इंचांच्या शीटचे चार तुकडे करताना प्रत्येक तुकडा नावाच्या मापापेक्षा सुमारे दीड मिलिमीटर कमी कापावा, कारण ४×५ ची खरी फिल्मही तेवढीच लहान असते. नाहीतर तुकडा होल्डरमध्ये जात नाही. या फिल्मला बहुधा दोन्ही बाजूंनी इमल्शन असते आणि ओली असताना तिला नखाचा ओरखडाही चटकन बसतो.

ग्राउंड ग्लासवर बरोबर, निगेटिव्हवर चूक

सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या इमारतीचा घुमट चौकटीत यावा म्हणून नवखा माणूस कॅमेरा वर झुकवतो आणि भिंती एकमेकींकडे कललेल्या दिसतात. कॅमेऱ्याची पाठ काटेकोर उभी ठेवावी आणि पुढची लेन्स वर सरकवावी. (तिवई आणि काळे कापड पाहून पहारेकरी विचारपूस करणारच, आधी बोलून घेतलेले बरे.) लेन्स फार वर गेली की निगेटिव्हचे कोपरे कोरे, म्हणजे प्रिंटवर काळे, आल्याशिवाय राहत नाहीत, कारण लेन्सचे प्रकाशवर्तुळ तेथपर्यंत पुरत नाही. ग्राउंड ग्लासचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या ज्या दुधी काचेवर फोकस करतो तिचे, कोपरे कापलेले असतील तर त्या फटीतून लेन्सकडे पाहावे. ज्या छिद्राने चित्र घ्यायचे ते पूर्ण गोल दिसले तर कोपरा सुरक्षित आहे. ते कापलेले दिसले तर लेन्स खाली आणावी.

दुसरी चूक एक्सपोजरची आहे आणि ती फक्त जवळच्या विषयात होते. टेबलावर कापलेले संत्रे ठेवून १५० मिलिमीटरच्या लेन्सने ते खऱ्या आकारात टिपायचे असेल तर भाता ३०० मिलिमीटरपर्यंत ताणावा लागतो. लांबी दुप्पट झाली म्हणजे फिल्मवरचा प्रकाश एक चतुर्थांश होतो. प्रकाश मोजणाऱ्या मीटरला हे माहीत नसते. भात्याची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी, आणि त्या उत्तराचा वर्ग, इतक्या पटीने वेळ वाढवावा. २२५ मिलिमीटरला हा गुणक २.२५ येतो. खिशात शिंप्याची टेप ठेवली की पुरते.

संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर एफ २२ या छिद्राला मीटर १० सेकंद दाखवत असेल तर एफपी४ प्लस या फिल्मला प्रत्यक्षात सुमारे १८ सेकंद लागतात आणि मीटरच्या ३० सेकंदांसाठी ७० च्या वर, कारण मंद प्रकाशात फिल्मची संवेदनशीलता घसरते. ही फिल्म बनवणाऱ्या इलफर्डच्या माहितीपत्रकानुसार मोजलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात घ्यावा, एचपी५ प्लससाठी १.३१ वा.

ऊन, कूलर आणि माठ

डेव्हलपिंगचे तक्ते २० अंश सेल्सिअस गृहीत धरतात. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास असताना छतावरच्या टाकीतून दुपारी येणाऱ्या पाण्यात हात घालवत नाही. अशा पाण्यात कालवलेला डेव्हलपर काही मिनिटांत निगेटिव्ह दाट आणि रखरखीत करून टाकतो, आणि कोमट डेव्हलपरमधून थंड फिक्सरमध्ये उडी घेतलेल्या फिल्मच्या जिलेटिनवर सुरकुत्यांची जाळी उमटण्याची भीती असते. डेव्हलपर, त्याचे काम थांबवणारा स्टॉप बाथ, फिक्सर आणि धुण्याचे पाणी यांच्या तापमानात एक-दोन अंशांहून जास्त फरक राहू देऊ नये. २० अंशांचा हट्ट मात्र सोडावा. २४ अंशांवर सगळे स्थिर ठेवणे येथे बरेच सोपे जाते आणि त्यासाठी वेळ सुमारे ३० टक्के कमी करावी लागते. ती पाच मिनिटांच्या खाली जाऊ लागली तर डेव्हलपर अधिक पातळ करावा, कारण इतक्या थोड्या वेळात आकाशासारख्या सपाट भागावर डाग पडतात.

माझा मुख्य आधार माठ आहे. आदल्या रात्री भरून ठेवलेल्या माठातले पाणी कोरड्या उन्हाळ्यात सकाळी २५ अंशांच्या आसपास असते. रसायनांचे ट्रे त्या पाण्याच्या मोठ्या परातीत ठेवायचे आणि बर्फ लागलाच तर बंद बाटलीत घालून परातीत सोडायचा, डेव्हलपरमध्ये कधीच नाही. काम पहाटे सहाच्या आत उरकावे. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ हे काम करत नाही, पण तेव्हा नळाचे पाणीही बऱ्यापैकी थंड झालेले असते.

भरलेले होल्डर स्कूटरच्या डिक्कीत ठेवणे ही माझी स्वतःची चूक आहे. धरमपेठेत एका दुपारी चहाला थांबलो आणि अर्ध्या तासाने डिक्कीतले होल्डर हाताला चटका देत होते. त्या सहाही शीट धुरकट निघाल्या. आता होल्डर बर्फ न घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात, सावलीत असतात. फ्रीजमधली फिल्म बाहेर काढल्यावर पाकीट दोन-तीन तास न उघडता ठेवावे, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, नाहीतर शीटवर दव धरते.

निगेटिव्हवरचे पारदर्शक ठिपके, म्हणजे प्रिंटवरचे काळे ठिपके, ही चित्र घेताना फिल्मवर बसलेल्या धुळीची सावली असते. कोरड्या हवेत डार्क स्लाइड झटक्याने ओढली की स्थिर विद्युत तयार होते आणि ती धूळ खेचते, म्हणून स्लाइड सावकाश ओढावी आणि होल्डर भरण्याआधी मऊ ब्रशने झाडावेत. वाळताना चिकटलेले कण वेगळे; ते बोटाला उंचवटा म्हणून लागतात आणि त्यांचे मूळ बहुतेक वेळा कूलर असते. खसाच्या ताट्यांतून येणारा वारा माणसाला सुखाचा असला तरी ओल्या जिलेटिनवर तो धूळ आणि वाळ्याचे तंतू आणून बसवतो. मी शेवटचे खळबळणे डिस्टिल्ड पाण्यात दोन थेंब वेटिंग एजंट (पाणी थेंब न धरता ओघळावे म्हणून घालायचे द्रव्य) घालून करतो, कारण बोअरवेलच्या पाण्याचे क्षार पांढरे डाग ठेवून जातात. त्याआधी बाथरूममध्ये पाच मिनिटे शॉवर सोडून हवेतली धूळ खाली बसवतो. खळबळून झाल्यावर शीट एका कोपऱ्याने क्लिपला टांगतो, घरातला कूलर बंद करतो आणि दाराला बाहेरून कडी घालतो.