ओएलईडीवरच्या मुंग्या

तापमान दाखवायला १.३ इंची ओएलईडी पडदा पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडला, मायक्रोपायथनमध्ये (अशा बोर्डांसाठीच्या पायथनमध्ये) कोडच्या चार ओळी लिहिल्या आणि पडद्यावर अक्षरांऐवजी मुंग्याच मुंग्या! वायरी बदलल्या, आय-टू-सीचा, म्हणजे बोर्ड आणि पडदा ज्या पद्धतीने बोलतात तिचा, वेग ४ लाख हर्ट्झवरून १ लाखावर आणला. काही फरक नाही. जोडलेली उपकरणं शोधणाऱ्या स्कॅनमध्ये मात्र पडद्याचा ६० हा पत्ता दर वेळी मिळत होता, म्हणजे जोडणी ठीक होती.

घोळ ड्रायव्हरचा, म्हणजे पडदा चालवणाऱ्या कोडचा होता. मी वापरत होतो एसएसडी१३०६ या चिपचा आणि पडद्यातली चिप निघाली एसएच११०६. दोन्हींचा पत्ता सहसा एकच, म्हणून पटकन लक्षात येत नाही. एसएसडी१३०६ला सगळे १०२४ बाइट एका दमात पाठवता येतात. एक पान, म्हणजे पडद्याची एक आडवी पट्टी, भरलं की ती आपोआप पुढच्या पानावर जाते. एसएच११०६ जात नाही. तिला आठही पानं एकेक करून, दर वेळी पानाचा क्रमांक सांगून द्यावी लागतात.

पडद्यावर चित्र पाठवणारं शो फंक्शन तसं बदललं आणि अक्षरं उमटली. किती बरं वाटलं! पण डावीकडचे ठिपक्यांचे दोन स्तंभ कापलेले, उजव्या कडेला दोन स्तंभ मुंग्या तशाच. या चिपची मेमरी १३२ स्तंभांची, पडदा १२८चा, तोही मधोमध. सुरुवातीचा स्तंभ ० ऐवजी २ केला, आणि तापमानाचा आकडा कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ दिसला.