ट्रकच्या एसीचा क्लच: कॉम्प्रेसर काढण्याआधी या चुका टाळा

"मिस्त्री, निपाणीत गार होतं. तवंदी घाट चढलो आन् गरम वारं सुरू. कॉम्प्रेसरच गेलाय म्हणालेत तिकडं." मार्च-एप्रिलमध्ये असा ड्रायव्हर आठवड्याला एक तरी येतोच. बहुतेकांनी वाटेत गॅसही भरून घेतलेला असतो. 2025 पासून नव्या अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झालीय, म्हणजे हे गिऱ्हाईक वाढणारच.

कॉम्प्रेसरच्या तोंडाशी क्लच असतो: एसी लावला की त्याची कॉइल चुंबक होऊन प्लेट फिरत्या पुलीकडं ओढते, तेव्हा कॉम्प्रेसर फिरतो. हा क्लच गार असताना चालतो, तापल्यावर सुटतो, असं असेल तर आधी त्याची गॅप, म्हणजे प्लेट आणि पुलीमधलं अंतर, बघा. प्लेट झिजली की गॅप वाढते. त्यात कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट घटतो आणि प्लेट ओढायची ताकद कमी पडते. इंजिन बंद करून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) तीन जागी घालून बघा. बऱ्याच कॉम्प्रेसरला 0.4 ते 0.8 मिमी चालते. तरी आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तकात बघून घ्या. जास्त भरली तर प्लेटखालचं एक पातळ शिम (वॉशरसारखी चकती) काढायचं, काम झालं. फार कमी केली तर एसी बंद असतानाही प्लेट घासत राहते.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. कनेक्टर काढून मीटर लावला, 27 व्होल्ट. सप्लाय ठीक आहे म्हणून नवी कॉइल बसवली, तरी क्लच पकडेना. मग कनेक्टर जोडून, एसी चालू ठेवून मोजलं तर 21! अर्थची वायर रंग मारलेल्या ब्रॅकेटवर कसलेली होती. रंग खरवडला, क्लच खट्कन बसला. नवी कॉइल उगाच गेली. तेव्हापासून लोड असतानाच मोजतो.

क्लचपर्यंत करंटच येत नसेल तर फ्यूज, रिले आणि प्रेशर स्विच बघा. पण प्रेशर स्विच डायरेक्ट करून (वायरनं बायपास करून) गाडी सोडू नका. गॅस कमी झाल्यावर तो मुद्दाम करंट तोडतो. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं, ते न मिळाल्यास आतून जॅम होतो. क्लचभोवती तेलकट कडं आणि त्यावर खानापूरकडची लाल धूळ चिकटलेली दिसली तर शाफ्ट सील (कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवतीचं सील) गळतंय. तिथं नुसता क्लच बदलून भागत नाही.

एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर पुलीचं बेअरिंग बघा. पुली पुलरनंच काढा. हातोडीनं ठोकाल तर चांगलं सीलही जाईल. आणि कारची 12 व्होल्टची कॉइल 24 व्होल्टच्या ट्रकला "चालतीय की" म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. दुप्पट व्होल्टेजला चौपट उष्णता होते, कॉइल जळते.

नवा क्लच बसवल्यावर मी पंधरा-वीस वेळा एसी चालू-बंद करतो, म्हणजे प्लेट नीट बसते. मग इंजिन चांगलं तापू देतो आणि गॅप परत मोजतो.