दोन गाड्यांतून एक डस्टर: पाना हातात घेण्याआधीची तयारी

जुनी मसल कार, म्हणजे ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी, उभी करायची आहे आणि बजेट बेताचं आहे, असं कुणी सांगितलं की मी गाडीचं नाव विचारत नाही. आधी विचारतो, जागा किती आहे? कारण स्वस्तातला मार्ग म्हणजे एक गाडी चालवायला आणि दुसरी, म्हणजे डोनर, तिच्यासाठी भाग काढायला. डेट्रॉइटच्या आसपास आमच्या ओळखीतल्या तिघांनी हा मार्ग धरला आणि तिघांचंही पहिलं भांडण पैशांवरून नव्हे, ड्राइव्हवेवरून झालं.

म्हणून पहिलं काम टेप घेऊन गॅरेज मोजायचं. माझी गाडी, १९७० ची प्लिमथ डस्टर, जवळजवळ पावणेसोळा फूट लांब आहे. ती मावली म्हणजे झालं असं नाही. उघडलेली गाडी बंद गाडीच्या दुप्पट जागा खाते. दारं भिंतीला टेकून, सीटा माळ्यावर, बॉनेट उभं करून कपाटामागे, आणि तरी मडगार्ड कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतोच. डोनर गाडी मग बाहेर राहते, आणि इथे बऱ्याच गावांत विनानोंदणीची, न चालणारी गाडी अंगणात उघडी ठेवायला नियमाने मनाई असते. काही ठिकाणी सोसायटीचे नियम त्याहून कडक. गाव आणि सोसायटी दोन्हींचे नियम गाडी घेण्याआधी वाचा, शेजाऱ्याची तक्रार गेल्यावर नको. भाड्याची जागा लागणार असेल तर तिचं वर्षाचं भाडं डोनरच्या किमतीत मिळवा आणि मग ठरवा ती खरंच स्वस्त पडते का.

आता गाडी. मस्टँग, कॅमारो सगळ्यांनाच हव्या असतात, त्यामुळे त्यांचे गंजके सांगाडेसुद्धा भाव खातात. माझं मत डस्टरला. प्लिमथने १९७० मध्ये आपल्याच साध्या व्हॅलियंट गाडीचा पुढचा अर्धा भाग जवळजवळ तसाच ठेवला, मागून उतरत्या छपराची दोन दारांची बॉडी लावली आणि २,१७२ डॉलरपासून विकायला काढली. पहिल्याच वर्षी दोन लाखांहून जास्त गेल्या. ३४० क्युबिक इंचाच्या इंजिनाची, २७५ हॉर्सपॉवरची डस्टर आज महाग झालीय. पण ३१८ ची किंवा तिरक्या सहा सिलिंडरची, म्हणजे स्लँट सिक्सची, अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात मिळते. विकणारा “ओरिजिनल थ्री-फॉर्टी” म्हणाला तर डॅशबोर्डवरच्या व्हीआयएन पट्टीतलं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकातलं, पाचवं अक्षर बघा. १९७० च्या गाडीत एच असेल तर ३४०, जी असेल तर ३१८ आणि सी असेल तर २२५ चा स्लँट सिक्स. पट्टी बघायला एक मिनिट लागत नाही, आणि पुढचा अर्धा तास गप्पा ऐकण्यातून सुटका होते.

आपल्याला या गाड्या परक्या वाटतात, पण तशा त्या नाहीत. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात, कुर्ल्याला, १९४७ पासून क्रायस्लरच्याच परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या जायच्या. पुढे फियाट आली आणि सगळेजण हे विसरले. ज्यांच्या घरात फियाट होती त्यांना भंगारातून दाराचं हँडल शोधून आणणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

डोनर निवडताना बहुतेकांची चूक एकच होते. आपल्या गाडीला जो आजार आहे, त्याच आजाराची दुसरी गाडी ते घरी आणतात. मिशिगनची डस्टर घेतलीत तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तिचा तळ खाल्लेला असणार. तिला मिशिगनचीच डोनर आणली तर दोन चाळण्या झाल्या. ॲरिझोना, न्यू मेक्सिकोसारख्या कोरड्या भागातल्या गाडीचा पत्रा ठणठणीत असतो, पण उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला, सीटा फाटलेल्या, रबराचा भुगा झालेला. म्हणून आधी आपल्या गाडीला काय नाही ते कागदावर लिहा आणि डोनर त्याच्या उलट शोधा. पत्रा हवा असेल तर वाळवंटातली, आतलं सामान हवं असेल तर इथलीच. वाहतुकीचा खर्च जोडूनही वाळवंटातला पत्रा मला स्वस्त पडला, कारण वेल्डिंगचे तास वाचले.

चार दारांची व्हॅलियंट बघा. तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, म्हणून ती स्वस्त. १९७० ते ७२ मधली असेल तर पुढचे मडगार्ड, बॉनेट, हीटरची पेटी, पेडल, स्टिअरिंगचा खांब, वायपरची मोटर आणि त्याहून मोलाचं म्हणजे मूठ-मूठभर मूळ स्क्रू, क्लिपा, ब्रॅकेट मिळतात. दारं, मागचे पॅनल, मागची काच यांची आशा सोडा, ते डस्टरचं वेगळं. आणि तुमची गाडी व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची ३४० किंवा ३१८, आणि डोनर स्लँट सिक्स, असं असेल तर इंजिन ज्यावर बसतं तो पुढचा के-फ्रेमही चालणार नाही. टॉर्शन बार, म्हणजे पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणारे दांडे, तेसुद्धा सहा सिलिंडरला बारीक असायचे.

ब्रेकचं प्रकरण स्वतंत्र लिहून ठेवा. सगळ्यांना पुढे डिस्क ब्रेक हवेत, आणि १९७३ ते ७६ मधल्या डस्टर किंवा डॉज डार्टचे ते जुन्या गाडीला बसतात, हे खरं. पण भाग कधी एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो भाग, घेतलं की त्याला धरणारा वरचा बॉल जॉइंट मोठा, म्हणून तो ज्यावर बसतो तो वरचा कंट्रोल आर्मही घ्यायचा. मग चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ साडेचार इंचांचं होतं आणि मागच्या जुन्या ॲक्सलचं चारच इंचांचं. आता पुढे-मागे चाकं वेगळी, स्टेपनी नेमकी कुठली ठेवायची? म्हणजे मागचा ॲक्सलही बदलायचा. तसाही ३१८ खाली बऱ्याचदा असणारा सव्वासात इंची ॲक्सल नाजूकच. त्यामुळे शक्य असेल तर ७३ नंतरची अख्खी व्ही-एट डोनर घ्या, म्हणजे वऱ्हाड एकाच गाडीने येईल. मडगार्डसाठी मात्र ती उपयोगाची नाही, कारण ७३ ला पुढचा चेहरा आणि बंपर बदलला. ही दोन्ही वाक्यं शेजारी लिहिली की कळतं, एका डोनरमध्ये सगळं बसत नाही. कोणता भाग सर्वांत दुर्मीळ, त्याच्यासाठी गाडी घ्यायची आणि बाकीचं सुटं आणायचं.

पाहायला जाताना पिशवीत असू द्या: कापडात गुंडाळलेला लोहचुंबक, टॉर्च, छोटा आरसा, बोथट स्क्रूड्रायव्हर, खाली अंथरायला ताडपत्री आणि जुने कपडे. जाकीट घालून गेलात तर गाडीखाली शिरणार नाही, आणि गाडीखाली न शिरता घेतलेली गाडी म्हणजे लॉटरी. चुंबक मागच्या चाकाच्या मागे, दाराखाली आणि डिकीच्या कडेने फिरवा. जिथे तो निसटतो तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. खाली गेल्यावर तीन जागा: टॉर्शन बारचं मागचं टोक ज्या आडव्या तुळईत बसतं ती, मागच्या पाट्यांच्या पुढच्या टोकाची बैठक आणि पुढच्या चॅसिस-रेल. या तिन्ही ठिकाणी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. आत गेला तर आपल्या मुख्य गाडीच्या यादीतून ती बाद. डोनर म्हणून मात्र तिचा विचार करता येईल. शेवटी विंडशील्डखालच्या जाळीवर अर्धी बादली पाणी ओतायची परवानगी मागा. मी ओतलं, आणि पंधरा सेकंदांत ते ब्रेक पेडलवरून माझ्या बुटात उतरलं. ते छिद्र बाहेरून कधीच दिसलं नसतं.

कागदपत्रांबाबत हयगय नको. दोन्ही गाड्यांची टायटलं, म्हणजे मालकीचे कागद, हवीत, डोनरचंसुद्धा, कारण उरलेला सांगाडा भंगारवाल्याला देताना तो ते मागतो. टायटलवरचा नंबर डॅशबोर्डवरच्या पट्टीशी स्वतः जुळवा, कर्जाची नोंद आहे का बघा, विक्रीची पावती घ्या. आणि डोनरची व्हीआयएन पट्टी काढून आपल्या गाडीला लावायचा विचार कुणी सुचवला तर तिथून उठा. तो इथे केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे.

मग वही. माझ्या वहीत तीन रकाने आहेत: डोनरमधून, नवीन, बाहेरून जुनं. नवीनच्या रकान्यात ब्रेकचे शू, व्हील सिलिंडर, होज, सगळी रबरं, सील, पेट्रोलची टाकी. हे डोनरमधून घेऊ नका, चांगलं दिसलं तरी. पन्नास वर्षांपूर्वीचं रबर बोटाने दाबून मऊ लागतं आणि रस्त्यावर फुटतं. बजेट बिघडतं ते इंजिनाने कमी आणि या बारीकसारीक रकान्याने जास्त. मी डोनर ९०० डॉलरला आणली आणि रबरं नि सील त्याच्या दुप्पट झाली. कॅमशाफ्ट जुन्या पद्धतीचा असेल तर झिंक जास्त असलेलं तेल, तेही इथेच लिहा.

डोनर आली की सगळे त्याच रात्री पाना घेऊन बसतात. थांबा. अजून न उघडलेली डोनर हा तुमचा शब्दकोश आहे. आपल्या गाडीचं हीटरचं केबल कुठून जातं, दाराच्या आतल्या काचेचा दांडा कुठल्या छिद्रात बसतो, कुठला वॉशर आत आणि कुठला बाहेर, हे तिच्याकडे बघूनच कळतं. आधी फोटो. मग प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या झिपच्या पिशवीत, पिशवीवर मार्करने जागा आणि बाजू. “डावं” लिहिताना ड्रायव्हरच्या जागी बसून डावं, समोर उभं राहून नव्हे. टॉर्शन बार डावे-उजवे वेगळे असतात, त्यांचा ताण आधी सोडवा आणि पकडीने ओरखडा काढू नका, तिथूनच ते तुटतात. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा. आणि जॅकवरच्या गाडीखाली कुणी जाणार नाही, जॅकस्टँड लावल्याशिवाय, हे पोरांनाही सांगून ठेवा.

डाव्या चाकांबद्दल सांगायचं राहिलं. माझ्या १९७० च्या डस्टरला डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे आहेत. हे मला माहीत नव्हतं. नट गंजलाय असं समजून टॉमीला पाइप लावला, पाइपवर उभा राहिलो, आणि स्टड टचकन तुटला. दुसराही तसाच तोडला. तिसऱ्याच्या वेळी बायको टॉर्च धरून उभी होती, ती म्हणाली, “अहो, याच्या टोकावर एल कोरलाय, त्याचा काही अर्थ असेल का?” होता. स्टड दोन, रविवार एक. यादीत ‘एल बघणे’ अशी ओळ आहे ती तेव्हापासून.

सांगाडा कधी आणि कसा जाणार हे तो येण्याआधीच ठरवा. टो ट्रकवाल्याला विचारा, चाकं नसलेली गाडी तो उचलेल का. बहुतेक जण नाही म्हणतात, म्हणून टाकाऊ चाकांचा एक संच ठेवून द्या. पेट्रोलची टाकी रिकामी करून काढून ठेवावी लागते. उपयोगाचे उरलेले भाग विकायला महिना-दोन महिने धरा, त्यातून माझी डोनरची निम्मी किंमत परत आली. आणि ट्रक यायच्या आदल्या दिवशी सांगाड्याभोवती एक संपूर्ण फेरी मारा, दिवसाउजेडी, प्रत्येक छिद्रात बोट घालून. माझी व्हॅलियंट शुक्रवारी गेली. रविवारी डस्टरला वायपर बसवायला घेतले तर दांड्याला धरणारी नखाएवढी क्लिप माझ्याकडे नव्हती, आणि व्हॅलियंटमध्ये ती कुठे होती ते मला डोळे मिटूनही दिसत होतं. दुसरी मिळायला सव्वा महिना लागला.