शेवग्याच्या पाल्याचं टॉनिक, बाल्कनीतल्या भाज्यांसाठी

मिरची, वांगी, टोमॅटो लावलेत ना, मग विकतचं महाग टॉनिक घेण्याआधी हे करून बघाच. शेवग्याचा कोवळा पाला घ्या, ऐरोली-घणसोलीकडे सोसायटीच्या कंपाउंडला एखादं झाड असतंच, माळीकाकांना विचारून दोन मुठी तोडा, अगदी थोडं पाणी घालून मिक्सरला बारीक वाटा आणि सुती फडक्यातून पिळून काढा, चोथा राहिला तर स्प्रेचं नोझल लगेच चोंदतं. 1 लिटर पाण्याला साधारण 30 मिली रस, बस. जास्त घट्ट मारून जास्त फायदा होत नाही.

या पाल्यात झिएटिन नावाचं झाडांच्या वाढीचं नैसर्गिक संप्रेरक (हार्मोन) असतं, त्याने पेशी जोमाने वाढतात आणि पानं लवकर पिवळी पडत नाहीत.

रोपं दोन आठवड्यांची झाली की एकदा, मग फुलं येताना आणि फळ धरताना, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, पानांच्या खालूनही फवारा. आपल्याकडच्या पावसात मात्र उघडीप बघूनच, नाहीतर सगळं धुऊन जातं. रस ताजाच वापरायचा, उरला तर आईस ट्रेमध्ये गोठवून ठेवा. आणि हे खत नाहीये हां, कुंडीत शेणखत नाहीतर गांडूळखत द्यायचंच.