बाहेरचा मॉनिटर जोडताच लिनक्स लॅपटॉप गोठतो?
आधी नेमकं काय गोठलंय ते बघा. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबल्यावर काळी लॉगिन स्क्रीन आली, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) जिवंत आहे, अडकलाय तो डेस्कटॉप. डेस्कटॉपवर लॉगिन करताना पर्याय दिसला, तर वेलँडऐवजी एक्स-ऑर्ग (दोन्ही पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या प्रणाली) निवडून पाहा. काहीच हललं नाही, तर पॉवर बटण दाबून धरा आणि पुन्हा सुरू झाल्यावर टर्मिनलमध्ये ‘journalctl -k -b -1’ (मागच्या बूटची कर्नलची नोंदवही) चालवून शेवटच्या ओळी वाचा. तिथे आय९१५ (i915) हा ड्रायव्हर दिसला तर अडचण इंटेलच्या ग्राफिक्सची, नूवो (nouveau) दिसला तर एनव्हिडियाची. दोन ग्राफिक्स चिप असतील, तर एचडीएमआय पोर्ट बऱ्याचदा एनव्हिडियाला जोडलेला असतो, म्हणूनच केबल लावेपर्यंत सगळं सुरळीत! तिथे एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर टाका. इंटेलवर ग्रबमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाचा मेनू) ‘e’ दाबून ‘linux’ने सुरू होणाऱ्या ओळीअखेर ‘i915.enable_psr=0’ जोडा; हा बदल एका बूटपुरताच, तेव्हा बिनधास्त करून पाहा.