तयार अ‍ॅडव्हेंचर निवडताना या चुका टाळा

सोलापुरात डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, भूमिका घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळणारी टेबलं मोजकीच. त्यातलं एखादं बंद पडलं की कारण बहुतेक वेळा तेच निघतं. डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा) यूट्यूबवर गाजलेलं, आधीच लिहून छापलेल्या मोहिमेचं पुस्तक उचललं, पहिलं प्रकरण चाळलं आणि रविवारी सगळ्यांना बोलावून घेतलं. पुस्तकात खोट नसते, ते त्या टेबलाला झेपणारं नसतं. नव्या डीएमना खेळायची घाई समजू शकते, पण निवडायला लागणारी एक संध्याकाळ वाचवून पुढे सहा महिने वाया जातात.

किती रविवार मिळणार हे न मोजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘कर्स ऑफ स्ट्राड’ (२०१६) घ्या. व्हॅम्पायर स्ट्राडची भयकथा, २५६ पानं, लेव्हल (खेळाडूच्या पात्राच्या, म्हणजे कॅरेक्टरच्या ताकदीची पायरी) १ ते १०. तीन तासांच्या एका बैठकीत छापील सहा पानांच्या आसपास मजकूर संपतो, असा ठोकताळा धरा. म्हणजे चाळीसच्या वर बैठका झाल्या. महिन्यातून न चुकता दोनदा भेटलात तरी पावणेदोन वर्षं लागतात, आणि न चुकता कोणीच भेटत नाही. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, मग परीक्षा येतात. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. पुढे गणपती, दिवाळी. वर्षाला पंधरा बैठका धरल्या तर तेच पुस्तक तीन वर्षांच्या घरात जातं.

इथल्याच एका कॉलेजच्या ग्रुपने हेच पुस्तक घेतलं होतं. पाच जण, सगळे हौशी. सुरुवातीचं डेथ हाऊस, म्हणजे झपाटलेलं घर, छान झालं. मग भविष्य सांगणाऱ्या मादाम इव्हाच्या तंबूत पत्ते मांडायची वेळ आली. स्ट्राडविरुद्ध लागणाऱ्या तीन वस्तू कुठे दडल्यात, मदतीला कोण येणार आणि स्ट्राड किल्ल्यात नेमका कुठे सापडणार, हे सगळं त्या पत्त्यांवरून ठरतं. पुढचा सगळा खेळ त्यावर उभा असतो. डीएमने पत्ते झकास मांडले, आवाज बदलून वाचलेही, पण कोणी काही लिहून घेतलं नाही. नंतर दोघांना पुण्यात नोकरी लागली. ते जमेल तेव्हा शनिवारी घरी यायचे.

खरी अडचण इथे सुरू झाली. गोष्ट जिथे घडते ते बारोव्हियाचं खोरं चारी बाजूंनी धुक्याने बंद असतं, आत आलेल्याला बाहेर पडता येत नाही. त्यामुळे ‘तो आज गावी गेलाय’ असं सांगून गैरहजर खेळाडूचं कॅरेक्टर बाजूला काढायची सोय नाही. डीएम स्वतःच दोन-दोन शीट (कॅरेक्टरचे आकडे लिहिलेले कागद) चालवायला लागला, एकेका फाइटला दीड तास जाऊ लागला. काही महिन्यांनी पत्त्यांमध्ये काय आलं होतं हे कोणालाच सांगता येईना. पार्टी (खेळाडूंच्या कॅरेक्टरची टोळी) भलत्याच जागी जाऊन रिकाम्या खोल्या शोधत बसली आणि पुढच्या दोन बैठकांत सगळं थंडावलं.

यावर उपाय साधा हिशोब आहे. येत्या सहा महिन्यांचं कॅलेंडर प्रत्येकाकडून मागा. सगळ्यांना जमणाऱ्या तारखा मोजा, त्यातल्या एक तृतीयांश रद्द होणार असं धरा आणि उरलेल्यांना सहाने गुणा. तेवढ्या पानांचं पुस्तक घ्या. १८ तारखा असतील तर १२ बैठका, म्हणजे ७२ पानं. २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’ ६४ पानांचं आहे आणि लेव्हल ५ पर्यंत जातं. या हिशोबात ते नीट बसतं.

माणसं कमी-जास्त होत असतील तर सुट्या अ‍ॅडव्हेंचरचे संग्रह घ्या. ‘कँडलकीप मिस्टरीज’ (२०२१) मध्ये अशी १७ आहेत. मुक्काम ग्रंथालयात, त्यामुळे त्या दिवशी जो हजर तो मोहिमेवर जातो आणि बाकीचे मागे थांबतात. ‘टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल’ (२०१७) मध्ये सात आहेत. पहिलं ‘सनलेस सिटाडेल’ नव्या पार्टीला चांगलं. शेवटचं ‘टूम ऑफ हॉरर्स’ मात्र नवशिक्यांसमोर ठेवूच नका. डी अँड डीच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने ते १९७५ मध्ये एका कन्व्हेन्शनमधल्या स्पर्धेसाठी तयार केलं होतं आणि त्यात मुरलेले खेळाडूही पटापट मरतात. नाव मोठं म्हणून निवडायची ती गोष्ट नाही.

डोकी न मोजणं

बहुतेक छापील अ‍ॅडव्हेंचर चार-पाच कॅरेक्टर गृहीत धरून लिहिलेली असतात. आपल्याकडे एकतर तिघं असतात, नाहीतर मावसभावाला घेऊन सात.

‘लॉस्ट माइन’ची पहिलीच फाइट बघा. रस्त्यात मेलेले घोडे आणि झाडीत चार गॉब्लिन (छोटे राक्षस). प्रत्येकाचा आर्मर क्लास (वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) १५, हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) ७, मारताना फाशात +४, बाणाचं डॅमेज (एका बाणाने कमी होणारे हिट पॉइंट) सरासरी ५. लेव्हल १ च्या विझर्डकडे (जादूगाराकडे) आठेक हिट पॉइंट असतात, दोन बाण लागले की तो आडवा. चार जणांना हे जेमतेम जमतं. तिघं असतील तर गॉब्लिन दोनच ठेवा. शिवाय गॉब्लिनला स्वतःचा वार करून झाल्यावर बोनस अ‍ॅक्शनमध्ये पुन्हा लपता येतं. नव्या ग्रुपसमोर पहिल्या फाइटला ते वापरू नका.

पुढे गुहेत क्लार्ग नावाचा बगबेअर (दांडगा, केसाळ राक्षस) आहे. त्याचा एक फटका २ डी ८ + २ (आठ बाजूंचे दोन फासे आणि वर २), सरासरी ११. क्रिटिकल लागला (वीस बाजूंच्या फाशावर २० पडले) तर फासे दुप्पट, सरासरी २०. आठ हिट पॉइंटवाल्याला एका फटक्यात १६ डॅमेज झालं की डेथ सेव्हचीही (फासा टाकून जीव वाचवायचीही) संधी नाही, कॅरेक्टर जागीच संपतं. म्हणून तिघांच्या पार्टीला गुहेत शिरण्याआधी लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती, हिट पॉइंट पुन्हा भरतात) घेऊ द्या.

सात जण असतील तर उलटं करायचं. घाईत डीएम मुख्य शत्रूचे हिट पॉइंट दुप्पट करतात. त्याने फाइट कठीण होत नाही, नुसती लांबते, कारण सात जणांच्या सात वारांपुढे त्याचा एकच वार असतो. त्याऐवजी दोन-तीन लहान शत्रू वाढवा आणि त्यांना तिसऱ्या राऊंडला आत आणा. सुरुवात जड वाटली तर त्यांना आणायचंच नाही, एवढी मोकळीक हातात राहते.

सारांशाचा व्हिडिओ पाहून चालवणं

याची चीड येते. त्याच गॉब्लिनच्या फाइटमध्ये पार्टी हरली तर काय करायचं हे पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडतात, लुटतात आणि निघून जातात. न वाचलेला डीएम तिथेच सगळ्यांना मारतो आणि पहिल्याच रविवारी नव्या शीट लिहायला बसवतो. विकत घेण्याआधी निदान नमुन्याची पानं वाचा. घेतल्यावर आधी शेवटचं प्रकरण, मग पहिलं, मग मधली कुठलीही एक जागा, या क्रमाने वाचा. शत्रूला काय हवंय आणि पार्टीने काहीच केलं नाही तर काय होईल, ही दोन उत्तरं समासात पेन्सिलीने लिहा. लिहिता आली नाहीत तर अजून बोलावू नका.

बाकीच्या

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाचं अ‍ॅडव्हेंचर डी अँड डीच्या नियमांवर तसंच चालवू नका. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रोफिशियन्सीमध्ये (कौशल्यासाठी फाशात मिळवायच्या आकड्यात) लेव्हलही मिळवतात, त्यामुळे आकडे जुळत नाहीत.

१९७०-८० च्या दशकातली डी अँड डीची जुनी मॉड्यूलं (छापील मोहिमांची पुस्तकं) स्वस्त मिळतात, पण त्यांत आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला असतो. रूपांतर करायला वेळ नसेल तर हात लावू नका.

भयकथा निवडताना आधी विचारा. डेथ हाऊसमध्ये मेलेल्या मुलांची भुतं आहेत, ते सगळ्यांना चालेलच असं नाही.

पुस्तकात खेळाडूंना वाचून दाखवायला चौकटीत छापलेला इंग्रजी उतारा मोठ्याने वाचू नका. त्यातल्या तीन गोष्टी निवडा आणि मराठीत सांगा. टेबलावर कन्नड-तेलुगू बोलणारे असले तरी सोलापुरात मराठी सगळ्यांना पोचते.

नकाशा झेरॉक्सच्या दुकानातून ए-थ्रीवर काढताना ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा. एक इंचाचे चौकोन धरले तर त्या कागदावर १६ बाय ११ बसतात. गुहा त्याहून मोठी असेल तर दोन कागद जोडा आणि जिथे पार्टी अजून पोचली नाही तो भाग दुसऱ्या कागदाने झाकून ठेवा.